आधी क्रियापद शोध

चि. सोनूस,


तुझे पत्र मिळाले. बार्शीच्या मराठी शाळेतून थेट पुण्याच्या लॉ कॉलेजात गेल्यावर इंग्रजीचा धसका बसणे साहजिक आहे. पण तू जे लिहिलेस ते नुसत्या धसक्यापेक्षा नेमके आहे. शब्द सगळे कळतात, डिक्शनरी उघडावी लागत नाही, तरी वाक्य संपले की हाती काही लागत नाही, असे तू म्हणतेस. म्हणजे शब्दांची तुझी तयारी झाली आहे आणि अडचण आहे ती वाक्याच्या बांधणीची. ही अडचण सुटते. मी सारी नोकरी कायद्यांची इंग्रजी वाक्ये मराठीत आणण्यात घालवली, त्या अनुभवावर हे सांगते.

कोणते पुस्तक पाठ करू, असे तू विचारले आहेस. पाठ काहीच करू नकोस. फ्रेज म्हणजे काय, क्लॉज म्हणजे काय, क्लॉजचे प्रकार किती, हे शाळेत तुला घोकायला लावले असणार. त्या व्याख्या खोट्या नाहीत, पण त्या वाचताना कामाला येत नाहीत, कारण त्या वाक्याबाहेर उभ्या राहून सांगितलेल्या आहेत. तुला वाक्याच्या आत शिरायला दार हवे. ते दार म्हणजे क्रियापद. त्यातही कुठलेही क्रियापद नव्हे, तर काळ दाखवणारे क्रियापद.

हे आधी मराठीत पाहू, कारण मराठीत तुला ते शिकवावे लागत नाही. ‘येतो’, ‘आला’, ‘येईल’ या रूपांवर वाक्य संपवता येते. ‘येऊन’, ‘येताना’, ‘येण्यासाठी’, ‘आलेला’, ‘येणारा’ यांवर येत नाही. कोणी ‘मी काल बाजारातून येताना’ एवढेच बोलून थांबले, तर तू आपोआप ‘हं, मग?’ म्हणशील. क्रिया तर सांगितली गेली, तरी तुझा कान वाट पाहतो, कारण विधान अजून झालेले नाही. इंग्रजीत अगदी हेच आहे. ‘कम्स’, ‘केम’, ‘विल कम’, ‘हॅज कम’ ही काळ बांधणारी रूपे. ‘कमिंग’, ‘टू कम’, ‘हॅविंग कम’ ही वाट पाहायला लावणारी. ज्या शब्दगटात काळ दाखवणारे क्रियापद आणि त्याचा कर्ता आहे तो क्लॉज, म्हणजे आपल्या व्याकरणातले उपवाक्य. ज्यात ते नाही तो शब्दसमूह, म्हणजे फ्रेज. बाकीचे सगळे यातून निघते.

ही दृष्टी इंग्रजांनी आपल्याला दिली असे समजू नकोस. पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिके लिहिणाऱ्या कात्यायनाने वाक्य कशाला म्हणावे हे ठरवताना एका क्रियापदाचीच खूण धरली होती. एक क्रियापद, एक वाक्य. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले, त्यातही वाक्याचे पृथक्करण आहेच. मराठी मुलीला हा विचार परका नाही.

आता इंग्रजीत फसगत कुठे होते ते बघ. आपण वाक्याच्या तुकड्याकडे पाहतो तेव्हा त्याचा पहिला शब्द बघून निर्णय घेतो. ‘आफ्टर द रेन’ आणि ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड’ या दोन्हींची सुरुवात सारखी. पहिल्यात क्रियापद नाही, तो शब्दसमूह. दुसऱ्यात ‘स्टॉप्ड’ आहे, त्याचा कर्ता ‘द रेन’ आहे, ते उपवाक्य. ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘सिन्स’, ‘टिल’ हे शब्द दोन्हीकडे चालतात. ‘बिकॉज’ मात्र उपवाक्यच मागतो आणि ‘बिकॉज ऑफ’ शब्दसमूहच. मराठीत ‘पावसानंतर’ आणि ‘पाऊस थांबल्यावर’ ऐकताक्षणी वेगळे वाटतात, कारण फरक शब्दाच्या शेपटाला दिसतो. इंग्रजीत तो फरक पुढे जाऊन, क्रियापद सापडल्यावरच कळतो. म्हणून पहिल्या शब्दावर थांबू नकोस.

दुसरा फरक याहून मोठा आहे आणि माझ्या मते तुझ्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. मराठी वाक्यात वर्णन आधी येते आणि ज्याचे वर्णन आहे तो शब्द नंतर. ‘काल कोर्टाबाहेर भेटलेल्या वकिलाने दिलेली फाईल’ या तुकड्यात ‘फाईल’ शेवटी आली. तोवर आपण सगळे तपशील मनात धरून ठेवतो. क्रियापद तर त्याच्याही नंतर, अगदी अखेरीस. इंग्रजी हेच उलटीकडून सांगते: ‘द फाईल गिव्हन बाय द लॉयर हू मेट अस आउटसाइड द कोर्ट यस्टर्डे’. फाईल आधी, मग ती कोणी दिली, मग तो कोण, कुठे, कधी. आपली सवय अशी की वाक्याचा शेवट म्हणजे वाक्याचा गाभा. त्या सवयीने तू इंग्रजी वाचतेस, ‘यस्टर्डे’पर्यंत धीराने पोचतेस आणि तिथे गाभ्याऐवजी एक किरकोळ तपशील सापडतो. तोवर फाईल मागे विसरलेली असते. म्हणून इंग्रजी वाचताना लक्ष सुरुवातीला जास्त द्यायचे. जे पहिले नाम आले ते धरून ठेवायचे आणि त्याचे क्रियापद येईपर्यंत सोडायचे नाही.

ते कधी कधी फार लांब असते. हे वाक्य बघ: ‘द लिस्ट ऑफ द बुक्स विच द कमिटी हॅड ऑर्डर्ड बिफोर द ऑफिस वॉज शिफ्टेड इज लाइंग ऑन द टेबल.’ यात काळ दाखवणारी क्रियापदे तीन: ‘हॅड ऑर्डर्ड’, ‘वॉज शिफ्टेड’, ‘इज लाइंग’. जोडणारे शब्द दोन: ‘विच’ आणि ‘बिफोर’. प्रत्येक जोडशब्द आपले एक क्रियापद घेऊन येतो. ‘विच’ने कमिटीचे ‘हॅड ऑर्डर्ड’ घेतले, ‘बिफोर’ने ऑफिसचे ‘वॉज शिफ्टेड’ घेतले. उरले ‘इज लाइंग’. ज्याला कोणी नेले नाही, ते मुख्य वाक्याचे. मग विचार, टेबलावर काय आहे? ऑफिस नव्हे, कमिटी नव्हे, पुस्तकेही नव्हेत. यादी. आणि म्हणूनच ‘आर’ नाही, ‘इज’ आहे. ‘बुक्स’ हा शब्द मध्ये आला म्हणून अनेकवचन करायचे नाही, कारण तो ‘ऑफ’च्या शब्दसमूहात आहे आणि शब्दसमूहातले नाम मुख्य क्रियापदाचा कर्ता होत नाही.

यातून एक हिशेब हाती येतो, तो मला फार उपयोगी पडला. वाक्यात काळ दाखवणारी क्रियापदे जितकी, त्याहून एक कमी इतके जोडशब्द असायला हवेत. दोन-तीन क्रियापदे एकाच कर्त्याखाली ओळीने आली असतील तर ती एकच धरायची. हिशेब जुळला नाही तर दोनच शक्यता. एक, जोडशब्द लपला आहे. ‘द बुक माय ब्रदर बॉट इज टॉर्न’ यात ‘बॉट’ आणि ‘इज’ अशी दोन क्रियापदे आहेत, जोडशब्द दिसत नाही. पण ‘द बुक’ आणि ‘माय ब्रदर’ ही दोन नामे मध्ये काही न येता एकमेकांना चिकटली आहेत, तिथे ‘दॅट’ गळाला आहे. दुसरी शक्यता, जे क्रियापद वाटले ते काळ दाखवणारे नाहीच. ‘द बॉय सेंट टू द मार्केट केम बॅक लेट.’ पहिल्या वाचनात वाटते मुलाने काहीतरी पाठवले. पण पुढे ‘केम’ येते आणि हिशेब बिघडतो. मग मागे जाऊन कळते की ‘सेंट’ म्हणजे इथे ‘पाठवलेला’. बाजारात पाठवलेला मुलगा उशिरा परत आला. इंग्रजीत ‘पाठवले’ आणि ‘पाठवलेला’ यांना पुष्कळदा एकच रूप असते, त्यामुळे इंग्रज वाचकही असल्या वाक्याला अडखळतात. तू अडखळलीस तर तो तुझ्या शाळेचा दोष नव्हे.

शब्दसमूहांकडे येते. ते वाक्यात खुंट्यांवर टांगल्यासारखे असतात आणि प्रत्येकाची खुंटी शोधावी लागते. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये ती खुंटी दाखवून देतात. इंग्रजीत बहुतेक वेळा फक्त जागा पाहून ठरवायचे असते आणि जागा फसवते. ‘द टीचर स्पोक टू द बॉय विथ अ मेगाफोन.’ मेगाफोन कुणाकडे? मराठीत हे वाक्य लिहायला बसलीस तर तुला निवड करावीच लागेल. एकतर बाई मेगाफोनवरून बोलल्या, नाहीतर मेगाफोन घेतलेल्या मुलाशी बोलल्या. इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थ पोटात ठेवून बसते. भाषांतराच्या कामात माझे सर्वाधिक डोके इथेच खर्ची पडत असे. कायदा लिहिणाऱ्याने शब्दसमूह शेवटी ठेवलेला असतो, तो फक्त जवळच्या नामाला लागतो की मागच्या चारही नामांना लागतो, हे ठरवल्याशिवाय मराठीचा एक शब्द लिहिता येत नाही.

तू वकिलीच शिकते आहेस, तर अमेरिकेतला एक खटला सांगते. मेन नावाचे राज्य आहे, तिथल्या ओकहर्स्ट डेअरीच्या दूध पोचवणाऱ्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. तिथल्या कायद्यात काही कामे ओव्हरटाइमच्या नियमातून वगळली होती. नाशवंत मालाचे ‘कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’ अशी ती यादी. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. आता प्रश्न असा की ‘डिस्ट्रिब्युशन’ ही यादीतली स्वतंत्र बाब, की ‘पॅकिंग’च्याच शब्दसमूहाचा भाग? स्वतंत्र असेल तर माल वाटणारे ड्रायव्हर वगळले गेले, त्यांना ओव्हरटाइम नाही. पॅकिंगचा भाग असेल तर कायदा फक्त पॅकिंग करणाऱ्यांबद्दल बोलतो, मग ते पॅकिंग पाठवणीसाठी असो वा वाटपासाठी, आणि ड्रायव्हर काही पॅकिंग करत नाहीत.

ड्रायव्हरांच्या बाजूने मांडलेला एक मुद्दा मला विशेष आवडतो, कारण तो शुद्ध व्याकरणाचा आहे. यादीतली सगळी कामे ‘इंग’ लागून आली आहेत. ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्युशन’ या दोघांनाच ते नाही, म्हणजे ते दोघे एका पंक्तीचे, ‘फॉर’च्या मागे बसलेले. ‘वाटप’ हे स्वतंत्र काम असते तर तिथे ‘डिस्ट्रिब्युटिंग’ आले असते. मार्च २०१७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध आहे असे ठरवले. असा संदिग्ध कायदा कामगारांच्या हिताकडे झुकवून वाचायचा या मेनमधल्या तत्त्वाने निकाल ड्रायव्हरांच्या बाजूने गेला. पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. निकालानंतर तिथल्या विधिमंडळाने ती यादीच नव्याने लिहिली. दर बाबीनंतर अर्धविराम घातला आणि ‘डिस्ट्रिब्युशन’चे ‘डिस्ट्रिब्युटिंग’ केले. एक शब्दसमूह कुठे संपतो, एवढाच प्रश्न होता.

स्वल्पविरामांचे आणखी एक काम तुला पदोपदी भेटेल. ‘द टेनंट्स हू हॅड नॉट पेड वेअर गिव्हन नोटिस’ याचा अर्थ, ज्या भाडेकरूंनी भाडे भरले नव्हते त्यांनाच नोटीस गेली, बाकीच्यांना नाही. ‘हू हॅड नॉट पेड’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम टाक, म्हणजे अर्थ होतो की भाडेकरूंपैकी कोणीच भाडे भरले नव्हते आणि सगळ्यांनाच नोटीस गेली. शब्द तेच, क्रम तोच. पहिल्या वाक्यात उपवाक्य भाडेकरूंची निवड करते, दुसऱ्यात नुसती जास्तीची माहिती देते. मराठीत पहिले ‘ज्या-त्या’ने सांगावे आणि दुसरे सरळ दोन वाक्यांत. विरामचिन्हे मराठीत रुजली ती मेजर थॉमस कँडींसारख्यांच्या खटपटीने, एकोणिसाव्या शतकात. त्याआधीची आपली कागदपत्रे त्या चिन्हांशिवाय चालत आणि अर्थ सांभाळायचे काम प्रत्यय आणि ‘जो-तो’ करत. म्हणून आपल्याला स्वल्पविराम हा श्वास घ्यायची जागा वाटतो. इंग्रजीत तो उपवाक्याचे कुंपण आहे.

उपवाक्यांच्या प्रकारांवर मी फार वेळ घालवणार नाही. वाक्यात नाम बसते त्या जागी बसलेले उपवाक्य नामाचे काम करते, नामाला चिकटलेले विशेषणाचे, आणि केव्हा, कुठे, का, कसे, कोणत्या अटीवर हे सांगणारे क्रियाविशेषणाचे. ‘दॅट’ या एका शब्दाने मात्र अनेकजण गोंधळतात. ‘आय नो दॅट शी केम’ इथला ‘दॅट’ म्हणजे आपला ‘की’, आणि ‘द बुक दॅट शी ब्रॉट’ इथला ‘दॅट’ म्हणजे ‘जे’. ओळखायची रीत सोपी आहे. ‘दॅट’च्या मागे नाम असून पुढच्या उपवाक्यात काहीतरी कमी पडत असेल तर तो ‘जे’. ‘शी ब्रॉट’ म्हटल्यावर काय आणले हे उघडे राहते, ते पुस्तक मागेच आहे. ‘शी केम’मध्ये काहीच कमी पडत नाही.

आता तुला ज्या वाक्यापर्यंत आणायचे होते तिथे आणते. ते तू पहिल्या इयत्तेपासून प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला पाहिले आहेस. आपल्या संविधानाची उद्देशिका. तिचा इंग्रजी पाठ समोर घे. सगळी उद्देशिका मिळून एकच वाक्य आहे, शब्द ८५. आता काळ दाखवणारी क्रियापदे शोध. ‘हॅविंग रिझॉल्व्ड’ नव्हे, ते ‘निर्धार करून’. ‘टू कॉन्स्टिट्यूट’, ‘टू सिक्युअर’, ‘टू प्रमोट’ नव्हेत, ती ‘घडवण्याचा’, ‘मिळवून देण्याचा’, ‘वाढवण्याचा’. ‘अशुअरिंग’ नव्हे, ते ‘आश्वासन देणारी’. न्याय, स्वातंत्र्य, समता यांच्या रांगा ओलांडून, सभेचा आणि तारखेचा उल्लेख ओलांडून तू अगदी तळाला येतेस, तिथे ‘डू’ भेटतो आणि त्याच्यामागे ‘अडॉप्ट’, ‘एनॅक्ट’ आणि ‘गिव्ह’. तीन क्रियापदे, पण कर्ता एकच, पहिल्याच शब्दातला ‘वी’. आणखी एकही काळ दाखवणारे क्रियापद नाही, ‘हू’ नाही, ‘विच’ नाही, ‘बिकॉज’ नाही. म्हणजे ८५ शब्दांचे हे वाक्य व्याकरणाने केवल वाक्य आहे, ज्याला शाळेत सिम्पल सेन्टेन्स म्हणतात. उलट ‘आय नो हू केम’ हे चार शब्दांचे वाक्य मिश्र वाक्य, कॉम्प्लेक्स सेन्टेन्स. लांबीवरून वाक्याची जात ठरत नाही. त्यामुळे लांब वाक्य दिसले की घाबरायचे कारण नाही.

मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. कर्ता पहिल्या शब्दात आणि त्याची कृती शेवटच्या ओळीत. इंग्रजी सहसा इतका वेळ थांबत नाही, इथे मुद्दाम थांबली आहे. ‘आम्ही’ कोण, आम्ही कशाचा निर्धार केला, कुणासाठी, कुठे, कोणत्या दिवशी, हे सारे सांगून झाल्यावरच आम्ही काय करतो ते येते. मधले कुठलेही क्रियापद स्वतंत्र विधान करत नाही, त्यामुळे वाक्याचे सगळे वजन त्या शेवटच्या देण्यावर येते. ‘निर्धार केला आहे’ असे वेगळे वाक्य केले असते तर उद्देशिका दोन विधानांची झाली असती. ती एकाच विधानाची आहे आणि ते विधान करणारा कर्ता लोक आहेत.

मराठी पाठ शेजारी ठेवून वाच. इंग्रजीत बंधुता आधी येते आणि ती काय आश्वासन देते ते मागून. मराठीत आश्वासन देणारी आधी, बंधुता नंतर. मघाच्या फाईलसारखेच. तिकडची तीन क्रियापदे इकडे ‘करून’ घेऊन एका ‘अर्पण करीत आहोत’पाशी मिळतात. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘सोशलिस्ट’, ‘सेक्युलर’ आणि ‘इंटेग्रिटी’ हे शब्द उद्देशिकेत घातले. त्यांच्यावर वाद झाले, अजून होतात. पण ते कुठे बसले ते बघ. पहिले दोन ‘रिपब्लिक’च्या विशेषणांच्या रांगेत, तिसरा ‘युनिटी’च्या जोडीला. म्हणजे ते शब्दसमूहांच्या आत गेले. वाक्याचा कर्ता, क्रियापदे, त्यांचे नाते यांना धक्का लागला नाही.

अमेरिकेत ब्रुकलिनच्या रीड आणि केलॉग या दोन शिक्षकांनी १८७७ च्या आपल्या पुस्तकात वाक्याचा आराखडा काढायची पद्धत दिली. एक आडवी रेघ, तिच्यावर कर्ता आणि क्रियापद, मध्ये उभी रेघ, आणि बाकीचे शब्द खाली तिरक्या रेघांवर, ज्याचे त्याच्याखाली. तिकडच्या शाळांतून मुलांनी अनेक पिढ्या हे आराखडे काढले. आपल्याकडे ‘तर्खडकर भाषांतरमाला’ आली, नंतर ‘रेन अँड मार्टिन’. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि कादंबऱ्याही लिहीत. ही पुस्तके जवळ ठेव, सरावाची वाक्ये त्यांत भरपूर आहेत. तू मात्र आराखडा न काढता एवढेच कर: लांब वाक्य वहीत उतरवताना मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद समासाला लागून लिही, त्याला जोडलेले उपवाक्य दुसऱ्या ओळीत थोडे आत सरकवून, आणि त्या उपवाक्याला जोडलेले आणखी आत. कायद्यातली पोटकलमे छापतात तसे. आठवड्यात दहा-बारा वाक्ये अशी मोडलीस की डोळा ते काम आपोआप करू लागतो.

तुझ्या पत्रातले इंग्रजीही मी वाचले. तीन गोष्टी सांगते. तू लिहिलेस, ‘गोइंग टू कॉलेज, द रेन स्टार्टेड.’ मराठीत ‘कॉलेजला जाताना पाऊस सुरू झाला’ निर्दोष आहे, कारण ‘जाताना’ला स्वतःचा वेगळा कर्ता चालतो. ‘कॉलेजला जाऊन पाऊस सुरू झाला’ मात्र तू कधी म्हणणार नाहीस, कारण ‘ऊन’चा कर्ता मुख्य क्रियापदाचाच असावा लागतो. वाक्याच्या तोंडाशी आलेले इंग्रजी ‘इंग’ या बाबतीत आपल्या ‘ताना’सारखे नाही, ‘ऊन’सारखे आहे. त्यामुळे तुझ्या वाक्यात कॉलेजला पाऊस निघाला. ‘ॲज आय वॉज गोइंग टू कॉलेज’ असे पूर्ण उपवाक्य कर, मग दोन कर्ते सुखाने नांदतील.

दुसरे, ‘आय वॉज टायर्ड, आय डिड नॉट गो.’ मराठीत ‘दमले होते, गेले नाही’ छान चालते. इंग्रजीत दोन उपवाक्यांना नुसता स्वल्पविराम पुरत नाही, वरचा हिशेब आठव: दोन क्रियापदे, जोडशब्द शून्य. ‘सो’ घाल, नाहीतर पूर्णविराम दे.

तिसरे, ‘आय डोन्ट नो व्हेअर इज द लायब्ररी.’ प्रश्न स्वतंत्र असतो तेव्हाच ‘इज’ पुढे येते. तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात उपवाक्य होऊन गेला की कर्ता आधी आणि क्रियापद नंतर, ‘व्हेअर द लायब्ररी इज’. मराठीत ‘लायब्ररी कुठे आहे’ हे शब्द प्रश्नातही तसेच आणि ‘मला माहीत नाही’च्या आधीही तसेच, म्हणून आपल्याला हा बदल सुचत नाही. माझ्या पाहण्यात चांगले इंग्रजी लिहिणारी मराठी माणसेही इथे चुकतात.

आता तुला एक काम. संविधानाचे कलम २१ एका वाक्याचे आहे आणि लहान आहे. त्यात काळ दाखवणारी क्रियापदे किती ते सांग. ‘एस्टॅब्लिश्ड’ हे क्रियापद आहे की ‘सेंट’सारखे विशेषण, आणि ते कशाला लागले आहे ते सांग. ‘एक्सेप्ट’पासून सुरू होणारा भाग शब्दसमूह की उपवाक्य, तेही लिही. मग मनेका गांधी खटल्याचा १९७८ चा निकाल काढ. ‘कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया’ म्हणजे कसलीही प्रक्रिया चालेल का, ती न्याय्य, रास्त असावी लागते का, यावर न्यायमूर्तींनी तिथे विचार केला आहे. त्यातला सर्वांत लांब वाटणारा एक परिच्छेद वहीत मोडून मला पाठव. इंग्रजी कठीण वाटले तर वाटू दे, अर्थ लावायची घाई करू नकोस, नुसत्या ओळी आत सरकवून पाठव. त्यावर पुढच्या पत्रात बोलू.

दादा-वहिनींना नमस्कार सांग. मेसचे जेवण बरे नसेल तर कळव, इथून चटणी आणि भाकरीचे पीठ पाठवते.

तुझी,
आत्या